चार बोटं जास्त

मुकुंदवाडीच्या शाळेत, आठवीच्या वर्गात, चारुता स्वतःच्या ओढणीनं बादलीची उंची मोजत होती... तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मॅडम, एक ओढणी म्हणजे किती सेंटीमीटर?"

वर्ग फिदीफिदी हसला. चारुता कानापर्यंत लाल! बी.एड. करता करता तीन आठवडे शिकवायला आलेली ती. आणि टेप नेमका आजच हरवायचा होता!

"हा माझा ऋतुराजमामा," सोनिया ऐटीत म्हणाली. "वाळूजला कंपनीत इंजिनिअर आहे. मला न्यायला आलाय."

मामानं खिशातून टेप काढून पुढं केला. भाचीला न्यायला आलेला माणूस मग तासभर हललाच नाही!

शाळेच्या मावशी, साळूबाई, रोज भरलेली बादली खांद्यापर्यंत उचलून माठात ओतायच्या. वर्ग त्यांच्यासाठी एक स्टँड बनवत होता. बादली कमरेएवढ्या फळीवर ठेवायची, दांडी खाली ओढायची, की बादली आपोआप वर जाऊन माठात कलणार. दांडीचा जोर म्हणजे विज्ञान, कोन म्हणजे गणित. आणि चारुताचा हट्ट निराळाच.

"आधी वापरणाऱ्या माणसाला विचारा. मग पुठ्ठ्याचं करून बघा. लाकूड सगळ्यात शेवटी! यालाच डिझाइन थिंकिंग म्हणतात."

"आमच्याकडं आधी बनवतात, मग इचारतात," ऋतुराज म्हणाला.

"म्हणूनच तुम्हाला शाळेत यावं लागलं."

"व्हय का? मग उद्या पण येतो."

आला. परवाही आला. पहिली पाळी सुटली की घरी करमाडला जायच्या आधी तो मुकुंदवाडीला उतरायचा. त्याच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास, हिच्या बोटांवर वाळलेला डिंक... एकाच टेपची दोन टोकं दोघांच्या हातात, नजर भलतीकडंच, आणि आकडा? तो सोनियानं वाचायचा!

लाकूड कापायच्या दिवशी, फळीची उंची ठरवायला, ऋतुराजनं साळूबाईंना मोजलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सायब आपल्याला मोजतोय म्हटल्यावर साळूबाई पदर सावरून, मान वर करून, फोटोला उभं राहावं तशा ताठ! एरवी कमरेत वाकून चालणारी बाई वीतभर वाढली.

चारुताला ते दिसलं. ओठांवर आलंसुद्धा... पण शुक्रवारी स्टँड झाला, की शनिवारी त्याला यायला कारण काय उरणार? ती गप्प राहिली.

शुक्रवारी मुख्याध्यापकांसमोर साळूबाईंनी बादली उचलली. बादली फळीच्या कडेला अडली अन् अर्धं पाणी त्यांच्याच पायांवर! फळी चांगली चार बोटं उंच झाली होती.

"जाऊ द्या लेकरांनो... लई छान केलंय," कंबर धरून, कळ दाबत त्या म्हणाल्या.

पोरांचे चेहरे उतरले. ऋतुराजचा तर बघवेना.

"मोजमाप माझं होतं. चूक माझी," तो म्हणाला. "मॅडम, दुसरा कुणी चांगला माणूस बघा. मी नाय येत आता."

बॅग उचलून तो निघालासुद्धा. चारुता मागोमाग धावली आणि अंगणातल्या लिंबाखाली तिनं त्याला गाठलं.

"थांबा! चूक तुमची नाही. त्या ताठ उभ्या राहिल्या, ते मी पाहिलं होतं."

"मग बोलल्या का नाय?"

"कारण... चुकलं तर दुरुस्तीला तुम्ही परत याल ना — म्हणून. माझ्या मनात फक्त तुम्ही होतात. त्यांच्या कमरेचा विचारच केला नाही मी."

त्यानं बॅग खाली ठेवली.

"आधी त्यांची माफी मागा."

"मागते. आणि तुमची?"

"माझी एकदम नको." त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू हललं. "रोज थोडी थोडी मागा."

"रोज? फळी तर तासाभरात खाली येईल!"

"येऊ द्या की. मी फळीसाठी येत होतो, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

दोघं परत आले. चारुतानं साऱ्या वर्गासमोर, मान खाली घालून, सगळं साळूबाईंना सांगून टाकलं... कारणासकट!

साळूबाईंनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि ओल्या पायांनीच खदखदून हसल्या.

"अगं बया! म्हंजी माझ्या कमरंवर तुमचं जुळलं व्हय?"

चारुतानं मान वर केली. जन्मात कधी न उच्चारलेला शब्द तिच्या तोंडून ठसक्यात निघाला —

"व्हय!"