तंत्रज्ञ निघाला आहे

आमचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. माणसं अधांतरी अडकली की आमचं पोट चालतं. दुकानात काका, मी आणि एक जुना फोन. काकांचे गुडघे गेल्यापासून ते फोनपाशी बसत आणि मी पाने-पक्कड घेऊन धावत असे.

फोन बदलायचा विषय दवाखान्याच्या इमारतीमुळे निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाई दोन मजल्यांच्या मधे लटकल्या आणि आमचा फोन एंगेज. दुपारभर एंगेज. "पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघू," असं तिथल्या व्यवस्थापकांनी मला अगदी शांतपणे सांगितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते काम गेलं की दुकानाला कुलूप.

मग इंटरनेटवरचा फोन विकणारा एक हसरा गृहस्थ आला.

"एंगेज हा शब्दच विसरा," तो म्हणाला. "कुणी अडकलं की ते फोन लावून एकचा आकडा दाबणार. जो रिकामा असेल त्याला यंत्रणा काम देणार. आणि गिऱ्हाइकाला बाई त्याचं नाव घेऊन सांगणार, तंत्रज्ञ निघाला आहे."

"कोण बाई?" काकांनी विचारलं.

"रेकॉर्ड केलेली."

"आणि नाही निघाला तर?"

"ती तसं म्हणत नाही."

"लाइट गेली तर?"

"मग फोनही जातो."

"अहो, लाइट गेल्यावरच माणसं अडकतात," काका म्हणाले.

फोनवाला बॅटरी जोडून द्यायला तयार झाला. काही दिवस फुकट वापरून बघा, पटलं तर ठेवा, असं ठरलं. जुना नंबरही तिकडेच वळवला.

काकांचा धंद्यातला नियम एकच. अडकलेल्या माणसाचा फोन लिफ्टचं दार उघडेपर्यंत ठेवायचा नाही. बोलत राहायचं. हवापाणी, मुलंबाळं, वाटेल ते.

दुपारी नवा फोन वाजला. काकांनी घेतला आणि माझ्याकडे पाठ केली.

"हो, हो. माणूस निघालाय. तुम्ही खाली बसून घ्या."

कितीतरी वेळ हेच चाललं.

"काकूला सांगू का?" मी म्हणालो. "रोज दुपारी कुणाशी गुलुगुलु चालतं ते?"

एरवी माझ्या विनोदावर ते निदान 'गाढवा' तरी म्हणतात. आज त्यांनी नुसता रिसीव्हर हाताने झाकला.

मी स्पीकरचं बटण दाबलं. एका पुरुषाचा आवाज. दमलेला, फार अदबीचा.

"उशीर झाला तरी चालेल हो. कुणीतरी निघालंय ना, एवढंच सांगा."

पडद्यावर पत्ता उमटला होता. आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचा. ती इमारत मी शाळेत असताना पाडली. आता तिथे गाड्या लावतात.

काकांनी स्पीकर बंद केला. बऱ्याच वेळाने, फोन शांत झाल्यावर, ते म्हणाले, "त्या इमारतीला आग लागली होती, हे लिफ्टमधे. मी लाइनवर होतो. कुणी पोचलंच नाही. दार उघडलं नाही, मग फोन कसा ठेवणार? दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजला."

मी शिकलेला माणूस. तारांचा घोळ असणार, असं ठरवून मोकळा झालो. काकांना न सांगता त्या पत्त्याचा कॉल परस्पर रेकॉर्ड केलेल्या बाईकडे वळवला. दवाखान्यासाठी लाइन मोकळी, काकाही मोकळे.

दुसऱ्या दुपारी फोन वाजला नाही. पडद्यावर फक्त अक्षरं आली. काम दिले. तंत्रज्ञ: काका.

यंत्रणेत नावं दोनच भरली होती. मी चहा पीत होतो आणि त्यासाठी स्वतःला 'कामावर' दाखवलं होतं.

काकांनी चष्मा लावून वाचलं.

"तिनं त्यांना काय सांगितलं?"

"तंत्रज्ञ निघाला आहे."

"माझं नाव घेतलं?"

"घेतलं असणार."

"मी नुसतं 'माणूस' म्हणायचो," ते म्हणाले. "कोण, ते कधी सांगितलं नव्हतं रे."

त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली.

"काका, तिथे मोकळं मैदान आहे!"

"मग लगेच येतो परत."

अंधार पडायच्या आत मी तिथे गेलो. काकांची स्कूटर नीट स्टँडवर होती. काका नव्हते.

"ते म्हातारे का?" पार्किंगच्या पावत्या फाडणारा म्हणाला. "वर गेले."

"वर कुठे?"

त्याने वर पाहिलं. आभाळ होतं. तो पुन्हा पावत्या फाडू लागला.

पुढच्या दुपारी फोन वाजला. मी बाईला काढून टाकलं होतं, स्वतः घेतला.

"मी पोचलोय," काका म्हणाले. "दार आतून उघडत नाही."

"मी येतो."

"तू यायचं नाहीस. ठेवू नकोस फक्त."

नाही ठेवला. रिसीव्हर टेबलावर, लाइन चालू. संध्याकाळी बॅटरी तपासली. दुसरी आणून जोडली. रात्रभर हवापाण्यावर बोललो. सकाळी काकू आली, डबा घेऊन. माझ्याकडे न बघता तिने रिसीव्हर कानाला लावला. बराच वेळ ऐकलं.

"जेवले नाहीयेत ते," ती म्हणाली.

"काकू, बस इथे."

"आलेच."

डबा घेऊन ती निघाली. तिच्यामागे धावायचं तर रिसीव्हर सोडावा लागत होता. मी दारापर्यंत गेलो. रिसीव्हरमधून काकांनी हाक मारली. मी परत फिरलो.

मोबाइल वाजला. तो हसरा फोनवाला.

"मुदत संपली, साहेब. ठेवायची सेवा की आत्ता बंद करू? आवाज कसा येतोय?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. तिकडे डब्याचं झाकण उघडलं.

"तुम्हीपण घ्या हो थोडं," काकू कुणालातरी म्हणत होती. "कधीचे उपाशी असाल."

"स्वच्छ येतोय," मी म्हणालो. "ठेवा."