पेडलवरचा पाय

यात पदरचं एक अक्षर नाही. माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, जे सांगितलं तेच सांगतोय. दादा थापा मारणाऱ्यातला नाही. तेवढा धीरच नाही त्याच्याकडे.

रविवार होता. भर दुपार. इमारतीखालचं पार्किंग, भिंतीलगतची कोपऱ्यातली जागा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. कंबरेचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे मागच्या सीटवर आडवं करूनच आणावं लागणार होतं. आणि नेमकं शनिवारी क्लचचं पेडल तळाला गेलं. गियर पडेना. मेकॅनिक बाहेरगावी. फोनवर म्हणाला, क्लचच्या ऑइलच्या पाइपात हवा शिरलीय, दोघं मिळून काढा, अर्ध्या तासाचं काम आहे.

अर्धा तास...

सकाळी दहाला सुरू केलं. तीन वाजले तरी पेडल तसंच, मेल्यासारखं.

वहिनी सीटवर, दादा गाडीखाली. तो म्हणणार "दाब". ती पेडल दाबून म्हणणार "धरलंय". मग तो पान्याने निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, सैल करणार, नळीतून ऑइल आणि बुडबुडे बरणीत पडणार, निपल बंद. मग "सोड". पुन्हा पहिल्यापासून.

दर चार-पाच खेपांनी बॉनेटखालच्या डबीत नवं ऑइल ओतायचं. नाहीतर डबी रिकामी होते आणि पुन्हा हवा शिरते. दोनदा तो विसरला. दोनदा सगळी मेहनत पाण्यात.

कोपर सोललेलं. डोळ्यात ऑइल गेलेलं. खापर फोडलं वहिनीवर. तू मध्येच पाय उचलतेस म्हणाला. वहिनी म्हणाली, मग तुम्ही वर बसा, मी झोपते खाली.

त्यानंतर दोघं कामापुरतंच बोलत होते.

"दाब."

"धरलंय."

मग मात्र काम जमायला लागलं. पेडल पक्कं धरलं जात होतं. जराही हलत नव्हतं. फक्त ते "धरलंय" आता हळू येत होतं... घोगरं...

अजून फुगलीय, त्याला वाटलं. फुगू दे.

दहा खेपा झाल्या. पंधरा झाल्या. बुडबुडे कमी होत गेले.

निपल उघडा असतानाच त्याला आठवलं, डबीत ऑइल ओतलेलंच नाही. त्याने स्वतःलाच एक शिवी हासडली.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

गाडीखालून त्याला फक्त पाय दिसले. वहिनीचे पाय. पायऱ्या उतरत होते...

"दवाखान्याचा फोन होता," ती म्हणाली. "सांगून गेले होते तुम्हाला. वीस मिनिटं झाली असतील."

दादाच्या हातात पाना तसाच राहिला. नळीतून ऑइल अजून येत होतं...

म्हणजे पेडल अजून दाबलं जात होतं.

त्याने निपल बंद केला. सवयीने तोंडातून निघून गेलं, "सोड."

त्याच्या डोक्यावर पेडल वर आलं. सावकाश. आवाज वहिनीनेही ऐकला.

गाडीत कोण आहे, त्याने विचारलं. तिने काचेतून वाकून बघितलं.

"कुणी नाही."

तो बाहेर आला. डबी बघितली. काठोकाठ भरलेली. नव्या ऑइलची बाटली मात्र गाडीखाली होती, तो पडला होता तिथेच. झाकण घट्ट लावलेली.

काकू दुसऱ्या दिवशी सुखरूप घरी आली. क्लच अगदी मऊ झाला होता.

चार दिवसांनी मेकॅनिकने गाडी चालवून बघितली. म्हणाला, आमच्या गॅरेजमध्येही इतकं साफ काम होत नाही.

"पेडलवर कोण होतं?"

"ही," दादा म्हणाला.

वहिनी शेजारीच उभी होती.

गाडी अजून त्याच्याकडेच आहे. पण क्लच दाबून सिग्नलला थांबलं की कधीकधी पेडल पायाखाली एकदम हलकं होतं... कुणीतरी भार घेतल्यासारखं.

पाय उचलला तर ते वर येईल की नाही, हे दादाने आजवर बघितलेलं नाही.