आजपासून यांच्या भूमिकेत

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या मागच्या खिडकीपाशी बसून बिबट्या क्रिकेट बघायचा आणि विकेट पडली की गुरगुरायचा, असं मी सांगितलं तेव्हा अर्ध्या मखमलाबादनं विश्वास ठेवला होता. पंचवटीच्या बाजारात मी एकदा एवढा मोठा झेंडू नेला की पोलिसानं तो वाहतुकीला अडथळा म्हणून बाजूला करायला लावला, यावरही एकदोघांनी मान डोलावली. ही गोष्ट मात्र खरी आहे. म्हणूनच कुणाला पटत नाही.

परवा दिवस कलताना वाल्मीक आला. तो आमच्या भागातला केबलवाला. उंदरांनी कुरतडलेली वायर बदलून झाली, सुवर्णानं, म्हणजे आमच्या सुनेनं, चहा आणून ठेवला, आणि ओट्यावर बसत त्यानं विचारलं, "नाना, साडेसातवाली बघत नाय म्हणं तुम्ही आता? सगळं गाव बघतंय."

"तिनंच माझी बायको नेली," मी म्हणालो.

आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

वाल्मीक हसला. "काकू तर आत दिसत्यात."

"तेच तर सांगतोय."

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

मला मालिका आवडत नाहीत असं कुणी समजू नये. साडेसातला बसलो नाही तर मला जेवण जात नसे. पण माणसाला मतं असावीत, आणि ती मोठ्यानं सांगावीत. त्या मालिकेतलं घर लासलगावच्या मार्केटाएवढं, पण एकाही सुनेला कधी कांदा चिरताना दाखवलं नाही. बायका झोपेतून उठतात त्या नथ घालून. सासूनं मान वळवली की तीच मान तीनदा वळते आणि दरवेळी वीज कडाडते. आमच्या सिंधुबाईनं आयुष्यात लाख वेळा मान वळवली, साधा पंखासुद्धा हलला नाही. सिनेमाचं तेच. हिरो द्राक्षबागेत नाचतो, घड तोंडात धरतो, आणि एकही मजूर म्हणत नाही की बाबा, कालच फवारणी झालीय. दिंडोरीला असं कुणी केलं असतं तर गाणं दवाखान्यात संपलं असतं.

मी असा बोलत राहायचो आणि सिंधुबाई खाली फरशीवर बसून झेंडूचे हार ओवायची. तिला वाचता येत नाही. पडद्याकडे ती फारशी बघायचीही नाही, नुसती ऐकायची. म्हणून पडद्याखालून जी काही पट्टी सरकेल ती सुवर्णा दारात उभी राहून मोठ्यानं वाचून दाखवायची. साबणाची जाहिरात असो की वादळाचा इशारा, काही सोडायची नाही. तिच्या वाचनात एकच गोष्ट यायची नाही, ती म्हणजे माझं नाव. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, आणि तिच्या माहेरी हे फार पाळतात. विजेच्या बिलावर माझं नाव आहे, तर ती "घरच्यांचं बिल" म्हणते. रेशनवाल्यानं घरी येऊन नाव विचारलं तेव्हा तिनं दारावरच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर 'सावळीराम' एवढंच लिहिलंय.

आणि सिंधुबाई? नवऱ्याचं नाव तीही घेत नाही. तिची मला एकच हाक. "ऐकलं का." लग्न झाल्यापासून तीच. शेवंतीच्या वाफ्यातून, माजघरातून, एकदा तर यष्टीच्या टपावरून. त्या दोन शब्दांवर मी कुठूनही उठून यायचो.

ही गोष्ट तीनेक वर्षांपूर्वीची, वीज सारखी जायची तेव्हाची. एका सोमवारी मालिकेतले आबासाहेब बदलले. घरातला कर्ता पुरुष, पांढऱ्या मिशांचा, चांगला दोन वर्षांचा ओळखीचा. त्याच्या खुर्चीत, त्याचाच कोट घालून, दुसराच माणूस. सुवर्णानं पट्टी वाचली: "आजपासून आबासाहेबांच्या भूमिकेत नवे कलाकार."

मी भडकलो. "अरे, घरातला माणूस बदलला! बायको चहा देतेय, सुना पाया पडतायत, एकीलाही वाटत नाही की हा कोण? गेला कुठं तो पहिला?"

सिंधुबाई सुईत फूल ओढत म्हणाली, "दोन दिवस येगळं वाटतं. मंग डोळ्यांला सवय होऊन जाती."

"मला नाही होणार."

"तुम्हाला कोण इचारतंय? त्यांच्या घरच्यांला झाली म्हंजे झालं."

सुवर्णा पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. ते हसणं मला नीट आठवतं.

त्याच आठवड्यात एकदा मालिका सुरू असताना वीज गेली. महेश, आमचा मुलगा, फुलं घेऊन बाजारात गेला होता. घरात आम्ही तिघं. बाहेर अजून थोडा उजेड होता. चामरलेण्याचा डोंगर काळा दिसत होता आणि पाटाचं पाणी ऐकू येत होतं. आमचा कुत्रा वाघ्या अंगणातून उठला आणि विहिरीकडे पळत गेला. भुंकला नाही. नुसता पळत गेला.

"ऐकलं का," सिंधुबाई म्हणाली, "मोटरीचं बटन बंद करून या. लाइट आली तर कोरडी फिरंल."

मी म्हणालो, "बघू." आणि खुर्चीतच बसून राहिलो.

अंधार वाढला. नेहमी वीज गेली की शेजारच्या वस्तीवरून पोरांचा ओरडा येतो, तो आला नाही. रातकिडे नाहीत. पाटाचं पाणीही थांबल्यासारखं वाटलं. सिंधुबाई हळू आवाजात म्हणाली, "एवढा येळ?" कुणाला म्हणाली, मला कळलं नाही.

मग दिवा आला. टीव्ही आपोआप लागला. पडद्यावर नुसत्या मुंग्या, आवाज नाही, चित्र नाही. आणि खालून पट्टी सरकायला लागली.

"थांबा नाना," वाल्मीक इथे मधेच बोलला. "लाइट गेली म्हंजे माझी मशिनं पण बंद. ती लाइट परत आल्यावर मी स्वतः जाऊन चालू करतो. येताबरोबर पट्टी दिसणारच कशी?"

"ते मला काय विचारतोस? केबलवाला तू आहेस."

त्यानं कप खाली ठेवला.

सुवर्णानं सवयीनं वाचायला सुरुवात केली. "आजपासून..." आणि ती थांबली. एखादं जोडाक्षर अडलं असेल. पुढचं मग मीच वाचलं. 'आजपासून सिंधुबाई यांच्या भूमिकेत', आणि पुढच्या नावाच्या जागी मुंग्या. पट्टी सरकून गेली.

मी खाली बघितलं. सिंधुबाईची सुई फुलात तशीच रुतलेली होती. तेच हिरवं लुगडं, तेच नाक, कपाळावरचा तोच व्रण. पण ती माझ्याकडे बघत होती. यष्टीत आपण रुमाल टाकून ठेवलेल्या जागेवर कुणीतरी येऊन बसलेलं असावं, तसं बघत होती.

मग तिनं डोक्यावरून पदर घेतला. माझ्यासमोर. एवढ्या वर्षांच्या संसारात मी घरी असताना तिनं असा पदर कधी ओढला नव्हता. परका माणूस आला की ओढायची.

रात्री महेश आला. त्यानं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. आईनं मान हलवली. तो हातपाय धुवून जेवायला बसला. कुणी काही बोललं नाही. अगदी त्या मालिकेसारखं.

मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल.

सकाळी चहा कपबशीत आला. मी पितळीतून पितो, कपबशी पाहुण्यांची. माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत पडलं होतं. नवी बाई आहे, लाजत असेल, असं मनाला सांगितलं.

वाघ्या घरी येईना. विहिरीपाशीच बसून राहायला लागला. मी भाकरी घेऊन गेलो तर दात दाखवायचा. कुत्र्याला कळतं, घरची मालकीण बदलली की त्याचं घर सुटतं.

सुवर्णा मला हाक मारीनाशी झाली. "जेवायला वाढलंय," हे ती भिंतीला सांगते. सासूचं बघून सूनही बिघडते.

एकदा मी धीर करून परीक्षा घ्यायचं ठरवलं. सिंधुबाई ओट्यावर फुलं निवडत होती. मी विचारलं, "आपण पहिला सिनेमा कुठं बघितला?"

"पेठला, जत्रेत. तंबूत," ती लगेच म्हणाली. "पाऊस आला न् पडदा फाटला."

बरोबर होतं. इतकं शिकवून पाठवतात?

मग तिनं मान वर केली. "आन् फाटलेल्या पडद्याकडं बघून तुम्ही काय म्हनला व्हता?"

मी आठवायला लागलो. थापाड्या माणूस मी, दिवसाला शंभर गोष्टी बोलणार, कुठली कुठली लक्षात ठेवू? मी काहीतरी सांगितलं. गमतीचंच सांगितलं.

ती हसली नाही. फुलं पदरात गोळा केली आणि आत गेली. आतून नाक ओढल्याचा आवाज आला.

हल्ली लोकही म्हणतात, नाना, तुमच्या पूर्वीच्या थापांना जी मजा होती ती आता नाही. वय झालं.

मला बाकी काही नको होतं. कपबशी चालेल, बाहेरची खोली चालेल. फक्त ती हाक हवी होती. कुठल्याही बाईच्या तोंडून का होईना, ते दोन शब्द. मी मुद्दाम तिच्या वाटेत उभा राहायचो. पाण्याची कळशी जड झाली तरी ती मला सांगायची नाही. खाली टेकवायची, दम खायची, पुन्हा उचलायची.

मग माझ्या लक्षात आलं की विकायच्या हारांतून रोज एक हार ती बाजूला ठेवते. दिवस मावळायला लागला की तो पदराखाली घेऊन विहिरीवर जाते.

एके दिवशी मी मागून गेलो. शेवंतीच्या ओळीत वाकून.

तिनं हार विहिरीच्या कठड्यावर ठेवला. मोटरीच्या पेटीशेजारी. पेटीपाशी एक बॅटरी पडलेली होती, गंजलेली, आमच्या घरातली. वाघ्या तिच्या पायाशी शेपटी हलवत होता.

तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला.

"ऐकलं का," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. मी ओळीतून उठलो, 'काय गं' म्हणणार, तोच दिसलं की तिची पाठ माझ्याकडे आहे. ती विहिरीत बघत होती. थोडं थांबली, मान कलती करून, जशी टीव्हीपुढे बसून ऐकायची तशी. आणि मग हसली. पहिल्यासारखी, तोंडाला हात लावून.

वाघ्यानं माझ्याकडे तोंड वळवलं आणि गुरगुरायला लागला.

"तेव्हापासून मी टीव्ही बघत नाही," मी वाल्मीकला म्हणालो. "ती बाई माझी बायको नाही. माझी सिंधुबाई कुठं आहे ते मला कळलं पाहिजे, बस."

अंधारून आलं होतं. वाल्मीकनं घसा खाकरला. "पण नाना, त्या संध्याकाळी तुम्ही उठलाच नाय का? मोटर बंद करायला?"

"नाही. खुर्चीतून हललो नाही."

"खोटं."

दारात सुवर्णा उभी होती. किती वेळची, कुणास ठाऊक. तिच्यामागे सिंधुबाई, पदर पुढे ओढलेली.

"खोटं बोलत्यात, भाऊ," सुवर्णा वाल्मीकला म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. "नाना उठले व्हते. बॅटरी घेऊन इहिरीवर गेले. मी दारातून बघितलं त्यांला जाताना. खुर्ची रिकामी व्हती. लाइट आली तवा हे बसलेले व्हते तिच्यात."

"सुवर्णे, जाऊ दे," सिंधुबाई मागून म्हणाली.

"नाय आत्या, आता नाय. तीन वर्षं झाली. आन् पट्टीवर तुमचं नाव नव्हतं. तुमचं असतं तर मी वाचलं असतं."

"मंग कोणाचं व्हतं, वहिनी?" वाल्मीकनं विचारलं.

सुवर्णानं दारावरच्या पाटीकडे बोट केलं नाही. तिनं हातातला पदर सोडला, सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि नाव घेतलं.

"सावळीराम."

"ओ," उत्तर आलं.

वाल्मीकनं आधी विहिरीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. माझं तोंड मिटलेलं होतं.