बांधावरचा ओला पट्टा

"रुद्रेश, चाकाला हात लावलास तर बघ हं!" सुविधा ओरडली.

"मी नाही लावला! दीपानं लावला!"

"मी फक्त माझ्या डोळ्यांना जुळवलं," दीपा म्हणाली. "तू लावून ठेवतेस त्यातून मला नुसतं धुकं दिसतं!"

सुविधानं कपाळावर हात मारला. १९८६ सालचा मे महिना, हॅलीचा धूमकेतू निघून जायच्या बेतात आणि डिचोलीजवळच्या त्यांच्या गच्चीवर रोज संध्याकाळी नुसती भांडणं! वास्को बंदरात कामाला असलेल्या सखाराममामानं आपली दुर्बीण सुट्टीपुरती दिली होती. स्टुलावर उशी, उशीवर दुर्बीण, एवढा थाट करूनही काही जुळत नव्हतं. धाकटा भाऊ रुद्रेश आणि कोल्हापूरहून आलेली आतेबहीण दीपा, दोघांनी तिचं डोकं खाल्लं होतं.

"शेवटचं सांगते! अजून उजेड आहे, तोवर लांबचं काहीतरी धर. उजवा डोळा मीट. मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला स्वच्छ दिसू दे. मग डावा मीट आणि उजव्या बाजूची कडी फिरव. चाक नाही, कडी!"

दीपानं समोरच्या टेकडीवरची खाण धरली. चाक फिरलं, कडी फिरली.

"अय्या, दगडसुद्धा दिसतायत! पण सुविधा, तो बांध ओला कसा गं?"

खाणीच्या गाळाचं पाणी त्या मातीच्या बांधामागं साठवत. बांधावरून एक काळपट पट्टा खाली उतरला होता. मे महिन्यात ओल? आणि बांधाखाली तर बेळगावकडच्या कामगारांच्या झोपड्या!

तिघं धावत खाली गेली. शेजारी राहणारे, त्या खाणीचे फोरमन गुरुदासकाका सोप्यावर बाबांबरोबर चहा घेत होते.

"सावली असेल गो बाय," काका हसले. "पंप चालू ठेवून आलोय. बांधामागचं तळं भरलं की रखवालदार बंद करील."

"दुर्बीण तारे बघायला दिलीय," बाबांनी वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही. "खाणीचं खाणवाले बघतील."

गच्चीवर परत येईतो पट्टा दुप्पट रुंद झाला होता!

"मोठ्या माणसांना काही सांगायची सोयच नाही!" सुविधा पाय आपटत म्हणाली.

"मग सांगूच नको. दाखव!" दीपाचे डोळे चमकले. "रुद्रेश, जा. काकांना म्हण, धूमकेतू बघायचा पहिला मान तुमचा. उजेडातच दुर्बीण डोळ्यांना जुळवून घ्यावी लागते, आत्ताच या."

मान म्हटल्यावर काका ताबडतोब वर आले. दुर्बीण बांधावर रोखलेली होती.

"काही दिसत नाही रे! सगळं गढूळ!"

"चष्मा काढा, काका."

"चष्मा काढला तर मी आंधळा!"

"दुर्बीण जुळवून देते ना! काढा! आता उजवा डोळा मिटा. काका, दोन्ही नाही मिटायचे!"

"एक मिटला की दुसरा आपोआप मिटतो गो!"

सुविधानं त्यांच्या उजव्या डोळ्यावर सरळ आपला तळवा ठेवला. "फिरवा चाक! हळू! पुढं गेलात, मागं या!"

काकांचा हात एकदम थांबला.

"पळय, बघ रे... हा आमचाच बांध! पाणी फुटलंय!"

चष्मा हातात घेऊन ते जिन्यावरून धावत सुटले. "मधुकर, स्कूटर काढ!" ते बाबांना ओरडून म्हणाले. बाबांनी वर्तमानपत्र टाकलं. स्कूटर धुरळा उडवत टेकडीकडे गेली.

आता चाकावरून कुणीच भांडलं नाही. "काका झोपड्यांशी पोचले!" दीपा सांगत होती. "बायका पोरांना घेऊन निघाल्या! एक आजी अजून आतच आहे... तुमच्या बाबांनी उचललं तिला!"

शेवटचा माणूस चढावर पोचतो न पोचतो, तोच बांधाचा कोपरा बसला. लाल चिखलाचा लोंढा रिकाम्या झोपड्यांवरून घसरत गेला. रुद्रेशनं सुविधाचा हात घट्ट धरला.

अंधार पडता पडता झोपड्यांतली सगळी मंडळी त्यांच्या अंगणात आली. गुरुदासकाका गुडघ्यापर्यंत चिखलानं माखले होते. ते सर्वांसमोर म्हणाले, "ही पोरं सांगायला आली, तेव्हा मी चहा पीत बसलो. आज माणसं वाचली ती ह्यांच्यामुळं!"

कडेवर मूल घेतलेल्या जानकी नावाच्या कामगार बाईनं तिघांच्या तोंडावरून हात फिरवला.

"शाबास!" बाबा म्हणाले. "उद्यापासून तुम्ही सांगाल ते ऐकणार."

"उद्यापासून कशाला? आत्ताच ऐका!" सुविधा म्हणाली. "एवढी माणसं उपाशी उभी आहेत आणि तुम्ही भाषण कसलं करताय? आधी चूल पेटवा!"

बाबा चुलीकडे वळले. त्यांच्यामागून फोरमनकाकाही लाकडं आणायला निघाले.