ओला आवाज

मी व्हॉल्व्हचे, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारे, जुने अॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. ताई, माझी मोठी बहीण, त्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर तांब्याची तार गुंडाळते. पुढच्या खोलीत लांब टेबल, मागे मोरी, एवढंच आमचं वर्कशॉप. येणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते: घरघर येते.

दातांच्या डॉक्टरांची तक्रार वेगळी होती. अॅम्प्लिफायर त्यांच्या मामांनी हाताने बनवलेला. मामा गेल्यावर तो त्यांच्याकडे आला. आवाज अप्रतिम आहे, ते म्हणाले, पण हा लावला की बायको जेवत नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही.

उघडला तर काम बघत राहावं असं. एकही वायर उगाच वळलेली नाही. शेवटच्या टोकापासून पहिल्या व्हॉल्व्हकडे फीडबॅकची वायर परत आणलेली होती. बाहेर पडणाऱ्या आवाजातला थोडा भाग मागे फिरवून स्वतःच्या चुका खोडायच्या, हे तिचं काम. ती नसली तर आवाज मोकळा होतो, उबदार होतो, पण जरा सैल पडतो. मामांनी ती अगदी बेताने बसवली होती. ताई म्हणाली, माणसाला कान होता.

दुपारी वर्कशॉपचा स्पीकर जोडून एका गायिकेची रेकॉर्ड लावली. बाई टेबलापलीकडे बसून गातेय असं वाटलं. मग दोन ओळींच्या मध्ये ओठ सुटल्याचा चिकट आवाज आला. जीभ टाळूवरून निघाली. लाळ गोळा झाली. चांगल्या सर्किटवर असलं सगळं ऐकू येतं, असं मी म्हणालो. ताईने नाक मुरडलं आणि रेकॉर्ड बदलली. आता नुसतं व्हायोलिन.

व्हायोलिनला तोंड नसतं. लाळेचा आवाज तसाच होता.

मी रेकॉर्ड प्लेअर काढून टाकला आणि इनपुट अर्थिंगला जोडलं. म्हणजे आत काही शिरायला वाटच उरली नाही. नुसती बारीक घरघर राहायला हवी होती. ती राहिली, आणि तिच्यामागे काहीतरी मऊ मऊ चघळलं जात होतं. व्हॉल्व्ह बदलले. कपॅसिटर बदलले. शेवटी चिडून फीडबॅकची वायर कापली.

चघळणं थांबलं नाही. जवळ आलं. आवाज मोकळा झाला होता, उबदार झाला होता, आणि तेच सगळ्यात घाण वाटत होतं.

ताई तेव्हा कोपऱ्यात डबा खात होती. ते ऐकून तिचं तोंड हलायचं थांबलं. स्पीकरमधलं चघळणं मात्र तिच्याच लयीत चालू राहिलं. मग तिथे कुणीतरी गिळलं.

ताईचा हात गळ्याकडे गेला.

"मी नाही गिळलं," ती म्हणाली. तिने तोंड उघडून दाखवलं. घास नव्हता.

ती मोरीकडे धावली. तिला बराच वेळ उलट्या झाल्या, पण नुसतं पाणी पडलं. डबा तर अर्धा संपला होता.

मी स्विच बंद केला. स्पीकरवरच्या कापडाला हात लागला. ते ओलं होतं, कोमट होतं, आणि त्याला आंबलेल्या दुधाचा वास होता. हात साबणाने चोळून चोळून धुतला तरी बोटांचा वास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना बोलावून सांगितलं, आमच्याने होत नाही, घेऊन जा. त्यांनी वाद घातला नाही. फक्त एकदा लावून दाखवा म्हणाले. ताई बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मी कापलेली वायर जोडून दिली आणि स्विच दाबला.

व्हॉल्व्ह तापले.

डॉक्टर वाकले, स्पीकरच्या ओल्या कापडाला कान टेकवला, डोळे मिटले. त्यांना किळस आली नाही. पेशंटच्या तोंडात बघताना असेल तसा शांत, लक्ष देणारा चेहरा.

चघळणं आता मऊ नव्हतं. मध्येच काहीतरी टकटक वाजत होतं.

"तुमच्याकडे आणला तेव्हा नुसत्या हिरड्या होत्या," ते हळूच म्हणाले. "खालचे दोन आले."