वाघाची डावी बाजू

"सरक ना, आर्गिरिस! तुझं डोकं आहे की कलिंगड!"

दहा वर्षांची फ्रोसो भावाच्या पाठीवर चढून जाळीपलीकडे बघायला धडपडत होती.

"यंदा पीक चांगलं आलंय," आर्गिरिस म्हणाला. "उतर, नाहीतर त्या वेळूच्या बेटात टाकून देईन!"

हवाई तळाच्या जाळीबाहेर नुसती जत्रा भरली होती. वाघाचं चिन्ह मिरवणाऱ्या देशोदेशीच्या लढाऊ तुकड्या सरावासाठी गावाशेजारच्या या तळावर उतरल्या होत्या. प्रत्येकीने आपलं एकेक विमान वाघासारखं रंगवून आणलं होतं. आज यजमानांचं, म्हणजे ग्रीसचं नवंकोरं रंगवलेलं विमान पहिल्यांदाच हँगरबाहेर येणार होतं. शिड्यांवर चढलेले छायाचित्रकार घामाने निथळत होते.

"आलं! आलं!"

नारिंगी अंगावर काळे पट्टे, नाकाशी उघडा जबडा! वाघ धावपट्टीच्या टोकापर्यंत सावकाश गेला आणि वळून परत आला. फ्रोसो किंचाळली. आर्गिरिसने शिट्टी मारली.

त्यांची मावसबहीण मिर्तो जाळीला बोटं अडकवून उभी होती. हिवाळ्यात तिचे बाबा गेले. ते ज्या बसने घरी येत होते, तिचे ब्रेक घाटात निकामी झाले. ब्रेक कुणी नीट तपासलेच नव्हते, असं नंतर कळलं. तेव्हापासून मिर्तोला सगळं जाड काचेआडून दिसल्यासारखं वाटे. वाघ छान होता, हे तिला समजत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं.

दुपारी तुतीच्या झाडाखाली फ्रोसो रंगपेट्या पसरून बसली. त्यांच्या घरची एक खोली भाड्याने घेऊन उतरलेल्या, बेल्जियमच्या छायाचित्रकार योसकाकांनी तिला वाघाचे दोन फोटो छापून दिले होते, एक उजव्या बाजूचा, एक डाव्या.

"योसकाका, ही नाण्याएवढी चकती कसली?" तिने विचारलं.

दरवर्षी येऊन योसकाका मोडकंतोडकं ग्रीक शिकले होते. "तिथे बारीक भोकं. हवा आत जाते. वैमानिकाला कळते उंची किती, वेग किती."

"मग या बाजूला नाहीये ती! नुसता काळा पट्टा आहे."

"सावली असेल, सावली," कॅमेरा पुसता पुसता ते म्हणाले.

मिर्तोने दोन्ही फोटो जवळ घेतले. मग इतर विमानांचे फोटो मागून घेतले. सगळ्यांना दोन्ही बाजूंना चकती होती.

"रंगवताना भोकात रंग जाऊ नये म्हणून चिकटपट्टी लावतात ना?" ती हळूच म्हणाली. "मावशीने खिडक्या रंगवताना काचांना लावली होती, तशी."

"आणि काढायचीच राहिली!" आर्गिरिस ताडकन उठला. "आणि तिच्यावरूनच रंग मारला!"

"पण कुणीतरी तपासेल की!" फ्रोसो म्हणाली.

"कुणीतरी तपासेल, असंच सगळ्यांना वाटतं," मिर्तो म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. आर्गिरिसने सायकली काढल्या.

फाटकावरच्या शिपायाने आतल्या अधिकाऱ्याला बोलावलं. ते थंड कॉफीचा पेला हातात घेऊनच आले. फोटोंकडे त्यांनी धड पाहिलंही नाही.

"बाळांनो, ते विमान आमच्या तज्ज्ञांनी रंगवलंय. तुम्ही आइस्क्रीम खा, मजा करा!"

"पण साहेब, उद्या ते उडणार आहे!"

"म्हणूनच म्हणतोय, उद्या या. गावकऱ्यांना आत सोडणार आहोत."

परतताना आर्गिरिस धुसफुसत होता. "आइस्क्रीम म्हणे! आपण काय बालवाडीत आहोत?"

"चूक दाखवली की मोठी माणसं ऐकत नाहीत," मिर्तो म्हणाली. "पण पैज लावली तर?"

दुसऱ्या दिवशी दोरीमागे ही गर्दी! मावशीही चांगले कपडे घालून आली होती. वाघाशेजारी त्याचा वैमानिक, कॅप्टन थ्रासिवूलोस, पोरांना सह्या देत होता. थोड्याच वेळात तो उडणार होता.

फ्रोसोने आपलं चित्र उंच धरलं आणि घसा फाडून ओरडली, "कॅप्टनकाका! तुमच्या वाघाच्या दोन बाजू सारख्या नाहीत! मी पैज लावते!"

लोक हसले. कॅप्टनही हसला. "माझ्या वाघाला नावं ठेवतेस? बोल, काय फरक आहे?"

"तुम्हीच शोधा! हरलात तर मला विमानात बसवायचं!"

"शोधा, शोधा!" आर्गिरिसने टाळ्या पिटायला सुरुवात केली आणि गर्दीने ठेका धरला. कालचे अधिकारी "वेळ नाही, वेळ नाही," म्हणत पुढे सरसावले. पण एवढ्या लोकांसमोर कॅप्टन थोडाच मागे हटणार! त्याने उजवी बाजू निरखली. मग डावीकडे आला. पट्टे मोजल्यासारखं करत, हसत हसत त्याने काळ्या रंगावरून हात फिरवला.

हात थांबला. त्याने नखाने खरवडलं. रंगासकट चिकटपट्टीचा तुकडा सुटून आला.

कॅप्टनचं हसू मावळलं. टाळ्या आपोआप बंद पडल्या.

"उड्डाण थांबवा," तो म्हणाला. "सगळी विमानं पुन्हा तपासा. आत्ताच्या आत्ता!"

कालच्या अधिकाऱ्यांचा चेहरा पडला. तपासणी झाली, राहिलेली पट्टी निघाली, उपकरणं पारखून झाली. मग तळाचे प्रमुख स्वतः दोरीपाशी आले. "आमच्या इतक्या माणसांच्या नजरेतून सुटलं ते तुम्ही पाहिलंत! आणि हुसकावून लावलं तरी हटला नाहीत. शाबास!" त्यांनी तिघांशी हात मिळवले. योसकाका शिडीवरून ओरडले, "सावली नव्हती! मी गाढव!" मावशी सारखी डोळे टिपत होती. मिर्तोला हे सगळं लांबून ऐकू येत होतं.

फ्रोसो उभ्या विमानात बसून आली. कॅप्टन मिर्तोसमोर गुडघ्यावर टेकला.

"हे तुझ्या डोक्यातलं, असं कळलं. तुला काय हवंय?"

"काही नको." मिर्तोने वाघाकडे पाहिलं. "उतरल्यावर घरी फोन करा. लगेच."

कॅप्टनने हसण्यावारी नेलं नाही. "करतो," तो म्हणाला.

वाघ उडाला. सगळ्यांनी कान झाकले. मिर्तोने झाकले नाहीत. नारिंगी ठिपका समुद्राकडे गेला, वळला, डोक्यावरून डरकाळी फोडत गेला आणि पुन्हा दिसेनासा झाला. शेवटी चाकं धावपट्टीला टेकली. कॅप्टन शिडीवरून खाली आला आणि शिरस्त्राण काढायच्याही आधी त्याने एका शिपायाचा फोन मागून घेतला. मग ते काढून शिपायाच्या हाती देऊन, फोन कानाला लावून तो बोलत होता, आणि दुसरा हात उंच करून मिर्तोला दाखवत होता.

मिर्तोनेही हात वर केला. मग ती एकदम खाली गवतावर बसली.

"मिर्तो, रडतेयस?" फ्रोसोने घाबरून विचारलं.

"माहीत नाही," मिर्तो म्हणाली. "बस ना जरा इथे."

दोन्ही भावंडं तिला चिकटून बसली.