शेवटचं घमेलं

या पोरांनो, शेकोटीपाशी सरकून बसा. उद्या तुम्ही कॉलेजची पोरं त्या अर्धवट विहिरीवर काम सुरू करणार, म्हणून सांगून राह्यलो. मले जब्बार म्हणतात, पांढरकवड्यात गाड्या दुरुस्त करतो. हे माह्या साळ्यासोबत घडलं, मोहिउद्दीनसोबत. तो लॉरी चालवे. गप्पा मारणारा माणूस नोयता तो.

एकसष्ट साली इथं तुमच्यासारखंच शिबिर आलतं. गावच्या विहिरीवर बौद्ध वस्तीतल्या बायायले पाणी भरू देत नोयते, म्हणून वस्तीसाठी वेगळी विहीर खोदाची होती. खाली वस्तीतला नागोराव खोदे, वर पोरायच्या दोन टोळ्या दोरानं मातीचं घमेलं ओढत. खालून दोन झटके आले का वर घ्याचं, असं ठरेल होतं.

एका संध्याकाळी जेवणाची शिट्टी वाजली. या टोळीले वाटलं नागोरावले ते वर काढतीन, त्या टोळीले वाटलं हे काढतीन. सारे पळाले ताटावर. हजेरी झाली, सारे हजर. नागोरावचं नाव हजेरीत कायले राहीन? तो तं गावचा माणूस. त्याची बायको कौसल्या कंदील घेऊन नवरा कुठं म्हणून पुसत आली, तवा कुठं आठवलं. तोवर विहिरीची एक बाजू ढासळली होती. नागोरावले काढलं, पण जीव गेलता. त्याचं टिकास, घमेलं ढिगाऱ्याखालीच राह्यलं. पोरं मनानं वाईट नोयती. तरी मले अजून राग येते त्यायचा.

विहीर कोरडीच होती. शिबिर गुंडाळलं.

मंग गुरुवारी, अवसेच्या रात्री, मोहिउद्दीन लॉरीतून शिबिराचं सामान न्याले आला. दोर भाड्याचा, तो विहिरीवरच राह्यलता. आणाले तो गेला, अन संग एका टोळीचा म्होरक्या पंजाबराव.

दोर खाली सोडेल होता. मोहिउद्दीननं ओढला. आला नाही.

"अटकला असन. हात लाव," तो म्हणे.

पंजाबरावनं धरला.

खालून... एक झटका.

मंग काहीच नाही.

मंग दुसरा.

"भाऊ... चला इथून."

"सोडू नको," मोहिउद्दीन म्हणे. "एकदा सोडून गेलते तुम्ही."

ओढला. वजन माणसाचं होतं. रहाट करकरे. पंजाबराव रडे, पण ओढे. खालून कोणी दम घेऊन राह्यलं होतं... जवळ... अजून जवळ...

काठाशी आलं.

एकदम हलकं झालं.

मोहिउद्दीननं कंदील धरला. माणूस नोयता. दोराले घमेलं बांधेल होतं. नागोरावचं. ढिगाऱ्याखाली दबेल होतं तेच. काठोकाठ चिखलानं भरेल. कोरड्या विहिरीतून गारेगार चिखल.

पंजाबरावनं ते डोक्यावर घेतलं अन कौसल्याच्या दारात नेऊन ठेवलं. तिनं चिखलात बोट घातलं.

"पाणी लागलतं त्याले," ती म्हणे. "तेच सांगाले बोलावत असन."

त्याले सहा उन्हाळे झाले. घमेलं तिच्या अंगणातच हाये, भर उन्हात. कोणी त्यात थेंब टाकला नाही. सकाळी जाता जाता पाहून घ्या.

चिखल अजून ओला हाये.